चित्रपटातल्या एकतीस वहिनी

सोमवार, १४ जुलै

शनिवारी दुपारी कॉन्व्हेंटच्या हॉलमध्ये गार फरशीवर मी आणि मयूरा मांडीला मांडी लावून बसायचो. दोघींच्या गुडघ्यांवर एकच शाल, आणि शालीखाली फुटाण्यांचा कागद. फुटाणा चावायचा तो पडद्यावर कुणी ओरडलं किंवा गोळी झाडली तरच, म्हणजे आवाज ऐकू जात नसे. सिस्टर बर्नडेट प्रोजेक्टरला खेटून खुर्चीवर बसत. बाई आणि पुरुष दोन हातांच्या आत आले की त्या भिंगासमोर पंजा धरत. पडद्यावर पाच काळी बोटं. मयूरा कानात म्हणायची, “सहा झाले.” चुंबनं आम्ही अशीच मोजली, पाहिलं एकही नाही.

हे आठवायचं कारण, आज आमच्या जुन्या मंडळींच्या बैठकीत सप्टेंबरची पाळी माझ्यावर आली. ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबातली आम्ही चौदा मराठी माणसं, सगळी साठीच्या पुढची, महिन्यातून एकदा लायब्ररीच्या खोलीत जमून जुना चित्रपट बघतो. दर वेळी एकाने निवडायचा. मी म्हटलं, “लॉन्ड्री स्ट्रीट.” १९३१चा, अमेरिकन, गुन्हेगारीचा, एकसष्ट मिनिटांचा. नववीत पाहिला होता, म्हणजे बोटांच्या फटींतून जेवढा दिसला तेवढा. आता तो इंटरनेटवर फुकट आहे.

माझ्यासाठी हा निरोपाचा कार्यक्रम. ११ ऑक्टोबरचं विमानाचं तिकीट मुलाने, विहानने, काढून ठेवलं आहे. नवऱ्याला, राजीवला, जाऊन तीन वर्षं झाली. मला गाडी चालवता येत नाही आणि या गावात गाडीशिवाय दूधसुद्धा मिळत नाही. पॉइंट कुकला विहानने त्याच्या घरामागे माझ्यासाठी खोली बांधली आहे. मी हो म्हटलं आहे. हो म्हणणंच शहाणपणाचं.

गुरुवार, १७ जुलै

चित्रपट पाहिला. चोपन्न वर्षांनी, मधे बोटं नसताना.

किटी नावाची मुलगी लॉन्ड्रीत कपडे धुते. लॉन्ड्रीचा मालक गुंडांचा म्होरक्या. किटीचा मर्द त्याच्या टोळीत असतो, विसाव्या मिनिटाला त्याला मारतात. मग त्याचा जिवलग मित्र जो, टोळीचा ड्रायव्हर, तिला सांभाळतो, आणि दोघांचं जुळतं. आम्हाला शाळेत जो हा किटीचा भाऊ वाटला होता. सिस्टरनीच तसं सांगितलं असणार.

आवाज म्हणजे तव्यावर पोळी करपावी तसा. बोलणारी माणसं सारखी टेबलावरच्या फुलदाणीपाशी जातात. गुंडसुद्धा धमकी द्यायला फुलदाणीपाशी येतो. शेजारी दत्तात्रयभावजी बसले होते, ते हसले. म्हणाले, “वहिनी, मायक्रोफोन फुलांत लपवलाय.” मग त्यांनीच दाखवलं की हॉटेल, पोलीस स्टेशन आणि किटीचं घर, तिन्हीकडे जिना एकच आहे. फक्त भिंतीवरची तसबीर बदलते.

भावजी म्हणजे राजीवचे मित्र. पाटबंधाऱ्यांचे इंजिनिअर, निवृत्त. एकोणतीस वर्षांची ओळख. नीलिमावहिनी गेल्यापासून एकटेच असतात. मला भाजीला, डॉक्टरकडे, मंडळींच्या बैठकीला तेच नेतात. बैठक त्यांच्या वाटेवरच पडते असं म्हणतात. ते राहतात गावाच्या दुसऱ्या टोकाला, पण मी रस्त्यांच्या बाबतीत अडाणीच.

मंगळवार, २२ जुलै

ठरलं. मी मराठी सबटायटल्स लिहायची, भावजींनी ती लॅपटॉपवर वेळेवर बसवायची. अमेरिकन गुंड भराभर बोलतात, आमच्या मंडळींपैकी निम्म्यांना ते कळायचं नाही. माझं इंग्रजी कॉन्व्हेंटचं, म्हणून काम माझ्याकडे.

भावजींचे नियम कडक आहेत. एका वेळी दोन ओळी, ओळीत पाच-सहा शब्द, पडद्यावर सहा सेकंद. “आपल्या मंडळींना सात,” ते म्हणाले. “पद्माकरकाकांना आठ. ते मोठ्याने वाचतात.”

पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. म्होरक्या सांगतो, त्याला ‘राइड’ला घेऊन जा. मी लिहिलं: ‘त्याला जरा फिरवून आणा.’

भावजी बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, “वहिनी, फिरवून आणलं की माणूस परत येतो.”

“मग?”

“हा येत नाही. हा नदीत सापडतो.”

सिस्टर बर्नडेटनी आम्हाला शेक्सपिअर शिकवला, हे नाही शिकवलं. ‘त्याचा काटा काढा’ असं केलं. निघताना भावजी म्हणाले, “चला, तुम्हाला फिरवून आणतो. परत आणण्याच्या बोलीवर.” पिकनिक पॉइंटला गेलो. वारा असा की बोलता आलं नाही. खालच्या दरीकडे बघत अर्धा तास गाडीतच बसलो. त्यांनी घरच्या झाडाची मॅन्डरिन्स, म्हणजे इथली छोटी संत्री, आणली होती, सोलून दिली. शिरा काढून देतात, राजीवला कधी जमलं नाही.

रविवार, ३ ऑगस्ट

विहानचा फोन. खोलीचा व्हिडिओ दाखवला. खिडकी मोठी आहे. भिंत आधी पांढरी होती, मी मागे ‘क्रीम बरा’ म्हटलं होतं म्हणून परत रंगवली. निहारिका म्हणाली, “आई, तुमच्या देव्हाऱ्यासाठी शेल्फ पण केलंय.” ओवी मधेच घुसली, “आजी, यू कॅन सी माय ट्रॅम्पोलिन फ्रॉम युअर बेड!” किती गुणी आहेत सगळी. फोन ठेवल्यावर मी उगाच ओटा दोनदा पुसला.

संध्याकाळी मयूराशी बोलले. ती वेंटवर्थव्हिलला असते, मुलीकडे. तिथे आपल्या लोकांची वस्ती, दाराबाहेर पडलं की चितळ्यांपासून चपातीपर्यंत सगळं, म्हणून ती स्वतःला महाराणी समजते.

“बाकरवडी मिळते, पण बोलायला माणूस नाही,” आज एकदम म्हणाली. मग लगेच, “ते तुझे दत्तात्रय अजून मॅन्डरिन आणतात का?”

“झाडाला फार लागलीत यंदा.”

“अगं, एका झाडाला एका माणसाच्या घरी जायला किती लागावीत, सुनू?”

मला काही हा प्रश्न समजला नाही.

मंगळवार, १२ ऑगस्ट

मोठी अडचण. किटी आणि तिच्या त्या मर्दाचं लग्न झालेलं नाही. उघडच आहे ते. पण समोर चौर्‍याऐंशी वर्षांचे पद्माकरकाका बसणार, प्रत्येक ओळ खणखणीत वाचणार. मी त्यांचं लग्न लावून टाकलं. एका ओळीत झालं: ‘हिचा नवरा आपला माणूस आहे.’ कुणाचं काय बिघडलं?

पण मग जो तिला ऊठसूट ‘बेबी’ म्हणतो, त्याचं काय करायचं? मित्राची बायको आहे आता ती. ‘वहिनी’ लिहिलं. बसलं अगदी चपखल. ‘वहिनी, दार उघडा.’ ‘वहिनी, पोलीस आले.’

मयूराला फोनवर वाचून दाखवलं. ती इतकी हसली की तिला पाणी प्यावं लागलं. “सुनू, तू सिस्टर बर्नडेट झालीस गं! तिचा निदान हात दुखायचा.”

मी फोन ठेवला. हात वगैरे काही नाही. सभ्यपणा आहे हा.

गुरुवार, २१ ऑगस्ट

भावजी आले. सगळं वाचलं. म्हणाले, “एकतीस आहेत.”

“काय?”

“वहिनी. एकसष्ट मिनिटांत एकतीस. दर दोन मिनिटांना एक.” मग जरा थांबून, “जो तिला वहिनी म्हणणार नाही हो. अमेरिकन आहे तो.”

“असेना. मित्राची बायको आहे ना?”

“मित्र तर विसाव्या मिनिटाला गेला.”

“गेला म्हणून नातं जातं का?”

ते कपातल्या चहाकडे बघत राहिले. गार झाला असावा. मी म्हटलं गरम करून देते, तर म्हणाले, राहू दे. मग एकदम म्हणाले, “बावन्नाव्या मिनिटाला तो तिला जवळ घेतो. तेव्हा खाली वहिनी लिहिलेलं असेल. काका ते मोठ्याने वाचतील.”

हे मात्र माझ्या लक्षात आलं नव्हतं.

“मग काढू का?” त्यांनी विचारलं. “वहिनी?”

“किती ठिकाणचं?”

“सगळीकडचं.”

मी म्हटलं, बघते. हळूहळू काढू. एकदम काढलं तर वाक्यं उघडी पडतील. ते म्हणाले, “हळूहळू चालेल. घाई नाही.” आणि मग, “तशी थोडी आहे. अकरा ऑक्टोबरपर्यंत.” कार्यक्रम तर वीस सप्टेंबरला आहे. तारखांत त्यांचा असा घोळ कधी होत नाही.

शुक्रवार, २९ ऑगस्ट

काल गणपतीची शेवटची आरती झाली, यंदा दीड दिवसाचाच केला. विसर्जनाची बादली भावजींनी उचलली. पाणी गुलाबांना घातलं.

चौदा ‘वहिनी’ काढल्या. वाक्यं पडली नाहीत, तशीच उभी राहिली. ‘दार उघड.’ ‘पोलीस आले.’ उलट बरी वाटतात.

एक विचित्र गोष्ट. मंगळवारपासून भावजींनीही मला वहिनी म्हटलेलं नाही. नुसतं “अहो” म्हणतात, किंवा खाकरतात. हवेत परागकण आहेत, घसा धरला असेल. आल्याचा काढा दिला. प्यायले, पण फरक पडला नाही.

खोकी भरते आहे. सात झाली. प्रत्येकावर ‘पॉइंट कुक’ लिहिलं. विहानची अक्षरं गिरवायची वही सापडली, ती हातात घेऊन जमिनीवर किती वेळ बसले कोण जाणे. त्या लेकराने माझ्यासाठी भिंत दोनदा रंगवली. आणि इथे माझं कोण आहे असं मी स्वतःला विचारलं, तर उत्तराऐवजी खोक्याला टेप लावत बसले.

मंगळवार, ९ सप्टेंबर

शेवटच्या प्रसंगापाशी आलो. रेल्वे स्टेशन. म्हणजे तोच जिना, वर फक्त पाटी टांगली आहे. किटी बॅग घेऊन निघाली आहे, बहिणीकडे, दूर. जो धावत येतो. फुलदाणी नाही, म्हणून दोघं एका खांबाला चिकटून उभे राहतात. तिथेच मायक्रोफोन असणार. आणि तो तिला एक वाक्य म्हणतो.

ते मी इथेही लिहीत नाही. वही कुणाच्या हाती पडली तर.

मी मराठीत लिहिलं: ‘प्रवास सुखाचा होवो.’

भावजींनी ते वाक्य पाहिलं. मग चित्र मागे नेऊन पुन्हा ऐकलं. तीनदा ऐकलं. त्या जोचा आवाज माझ्या जेवणघरात तीनदा झाला.

“हे तो म्हणत नाही,” भावजी म्हणाले.

“मला माहीत आहे.”

“मग?”

“शेवट सभ्य असावा. निरोपाचा कार्यक्रम आहे.”

“तुम्हाला खरंच हेच लिहायचंय?”

मी म्हटलं, “लोकांना काय, काहीही चालेल.”

“मी लोकांचं विचारत नाहीये.” त्यांनी लॅपटॉप मिटला, अगदी हळू. “खोटं वाक्य मी बसवणार नाही. आणि तुमच्या परवानगीशिवाय खरंही बसवणार नाही. तुमचं तुम्ही ठरवा.”

चहा न घेता गेले. एकोणतीस वर्षांत असं झालं नव्हतं. गुरुवारी येतील तेव्हा रागावेन म्हणते.

गुरुवार, ११ सप्टेंबर

आले नाहीत. मेसेज आला: ‘काम पूर्ण आहे. शनिवारी वीस तारखेला अडीचला न्यायला येतो.’ खाली काही नाही. पूर्वी ते खाली पावसाचा आकडा लिहायचे, किती मिलिमीटर. मला त्याचा काही उपयोग नव्हता. तरी रोज बघायचे.

शनिवार, २० सप्टेंबर

साडीही न बदलता आधी लिहायला बसले.

फुलांच्या कार्निवलमुळे गावभर गर्दी, पार्किंग नाही. तरी चौदाच्या चौदा आले. मी पोहे नेले होते. भावजी गाडीत एवढंच बोलले, “सीटबेल्ट.”

चित्रपट रंगला. फुलदाणी आली की मंडळी टाळ्या वाजवायची, कारण मी आधीच सांगितलं होतं. जिना तिसऱ्यांदा आला तेव्हा कुणीतरी ओरडलं, “अरे याच्यावरनं किती जणांना चढवणार!” पद्माकरकाका दर ओळ खड्या आवाजात वाचत होते, त्यामुळे ‘त्याचा काटा काढा’ हे लायब्ररीतल्या मुलांच्या विभागापर्यंत गेलं असणार. बावन्नावं मिनिट आलं. खाली काहीच नव्हतं, सगळ्या एकतीस वहिनी गेल्या होत्या. कुणीही हात मधे धरला नाही. मंडळी शांतपणे बघत होती. इतकी साधी गोष्ट होती ती.

मग स्टेशन. जो धावत आला, खांबाला टेकला, आणि बोलला. खाली ओळ आली नाही. पडदा कोरा.

काका वाचायला तोंड उघडून बसले होते. “अरे, काय म्हणाला? पाटी कुठाय?”

“गेली वाटतं.”

“ऐन वेळी! मशिनला काय झालं, दत्तात्रय?”

भावजींनी चित्र थांबवलं. किटी आणि जो तसेच उभे, तिच्या हातात बॅग. खोलीत सगळे माझ्याकडे वळले. आणि भावजी मागून, लॅपटॉपपाशी उभे राहून म्हणाले, “सुनीती, तुम्हीच सांगा. तो काय म्हणाला?”

नावाने. सगळ्यांसमोर. काकांनी ऐकण्याचं यंत्र हाताने नीट बसवलं.

मी सांगू शकले असते, प्रवास सुखाचा होवो. ओठांवर होतंच. पण बारा म्हातारी माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि तेरावं माणूस बघत नव्हतं. ते जमिनीकडे बघत होते.

मी उभी राहिले. शाळेत कविता म्हणायला उभं राहावं तशी. म्हटलं, “तो म्हणाला, जाऊ नकोस. तू गेलीस तर मी बोलू कुणाशी?”

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. कुणी टाळी वाजवली नाही. काका म्हणाले, “मग बरोबर आहे. आणि ती? ती काय म्हणाली?”

भावजींनी चित्र सुरू केलं. किटीचे ओठ हलले आणि त्याच क्षणी गाडीची शिट्टी वाजली. शिट्टी संपली तेव्हा ‘समाप्त’ आलं होतं. नव्वद वर्षांपूर्वी पुन्हा चित्रीकरण करायला त्यांच्याकडे पैसे नसणार.

“अहो, पण काय म्हणाली ती?” सगळ्यांनी एकच कल्ला केला.

“ऐकू आलं नाही,” मी म्हटलं.

परतताना भावजी दारापाशी उतरले, पोह्यांचं पातेलं माझ्या हातात दिलं. म्हणाले, “आज साडेसहा मिलिमीटर. पहाटे पडला.”

मी म्हटलं, “मधल्या दिवसांचाही सांगा. राहिलाय.”

सोमवार, २२ सप्टेंबर

विहानला फोन केला. सरळ सांगितलं की मी येत नाही.

तो म्हणाला, “आई, मी भिंत दोनदा रंगवली.”

“मला माहीत आहे रे.”

“आम्ही काही चुकलो का?”

“नाही राजा. तुम्ही काही चुकला नाहीत. मी सुट्टीत येईन ना.”

“सुट्टीत सगळेच येतात.” हे मला फार लागलं. लागायलाच हवं होतं. मी त्याला बोलू दिलं.

मागून ओवी, “सो हू गेट्स आजीज रूम?”

“तू,” मी म्हटलं. तिने घर डोक्यावर घेतलं. विहानलाही हसू आलं, म्हणजे नाक ओढल्याचा आवाज आला, तो हसण्याचाच धरते.

संध्याकाळी त्याने परत फोन केला. “आई, तुझं तिथे आहे कोण?”

“तेरा जण आहेत.”

“मंडळात चौदा आहात ना? तुला सोडून तेरा?”

“हो. त्यात दत्तात्रय धरले.”

मी ‘भावजी’ म्हणायला विसरले. तो म्हणाला, “दत्तूकाका? तो माणूस वीस वर्षं माझ्याशी फक्त पाण्याच्या प्रेशरवर बोललाय.”

“माझ्याशीही तेच बोलतात.”

“नो वरीज, आई,” विहान म्हणाला. आवाज बारीक होता, पण म्हणाला. “त्यांना सांग, तुला घेऊन जाताना गाडी हळू चालवायची.”

मी त्यांच्याच गाडीतून फिरते हे त्याला कसं कळलं, देव जाणे.

रविवार, ५ ऑक्टोबर

खोकी अकरा झाली होती. ती परत उघडायची नाहीत असं ठरवलं. तीन वर्षं जे लागलं नाही ते आता लागणार नाही. विहान, निहारिका, ११ तारखेला माझ्याऐवजी तुमची खोकी येतील. कुणाला काय, ते इथे लिहून ठेवते, आणि याच पानाचा फोटो तुम्हाला पाठवते.

राजीवचा मायक्रोस्कोप विहानला. ओवीने हात लावला तर लावू द्यावा, त्यासाठीच आहे.

चांदीची भांडी आणि देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा निहारिकाला. शेल्फ तिने केलं आहे, ते रिकामं राहू नये. बाकीचे देव माझ्याजवळ.

ओवीला माझ्या लग्नातला हिरवा शालू. कापून काही शिवायचं असेल तर खुशाल कापावा.

राजीवचे कोट ऑप शॉपला, म्हणजे इथल्या दानाच्या दुकानाला. खिसे मी तपासले आहेत. तपकिरी कोट मात्र पद्माकरकाकांना, त्यांना थंडी वाजते आणि ते मागायचे नाहीत.

मोठा कुकर मंडळाला. चौदा माणसांचा भात त्यातच होतो.

मयूराला इंग्रजी पुस्तकं सगळी. आणि दिवाळीला इथे यायचं तिकीट तिने स्वतः काढायचं आहे, तिला माणूस बोलायला हवं आहे म्हणून. पाहुण्यांची खोली रिकामी केली आहे.

घराची दुसरी किल्ली शेजारच्या शर्लीकडे असते. ती तिच्याकडून परत घेऊन दत्तात्रयना द्यायची. कुणी कारण विचारलं तर सांगावं, शर्ली कॅरव्हॅन घेऊन उत्तरेला जाते, आणि पाच-पाच महिने येत नाही.